आई-आजोबांसाठी साधा फोन घेताना: आधी सिम, मग हँडसेट

घरातल्या वयस्कर माणसासाठी फोन घ्यायचा ठरला की बहुतेक जण सरळ मोबाइल शॉपीत जातात आणि ‘मोठ्या बटणांचा साधा फोन दाखवा’ म्हणतात. दुकानदार तीन-चार खोकी काउंटरवर मांडतो, मधल्या किमतीचं एक उचललं जातं, आणि घरी आल्यावर कळतं की आईचं सिम त्यात चालतच नाही. किंवा चालतं, पण पलीकडचं बोलणं तिला कळत नाही. किंवा सगळं नीट चालतं, फक्त तिला हा फोन नकोच होता आणि तो आठवड्याभरात कपाटात जातो.

नातेवाइकांत आणि शेजारात असे फोन बरेच लावून दिल्यावर माझा क्रम ठरून गेलाय. आधी माणूस बघायचा, मग सिम, मग हँडसेट, आणि शेवटी निवांत बसून तो फोन त्या माणसाच्या हाताला लावून द्यायचा. हँडसेट निवडणं हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग आहे. म्हणून या लेखात मॉडेलांबद्दल कमी आणि बाकीच्याबद्दल जास्त आहे.

फोन कशासाठी हवाय?

हा प्रश्न त्यांनाच विचारा. आपलं उत्तर ठरलेलं असतं: ‘आम्हाला काळजी वाटते, फोन लावला तर उचलला पाहिजे.’ त्यांचं उत्तर बऱ्याचदा वेगळं निघतं. आत्याला भजनी मंडळातल्या मैत्रिणींना फोन करायचा असतो. आजोबांना पेन्शन जमा झाल्याचा मेसेज स्वतः वाचायचा असतो. कुणाला बॅटरीचा झोत हवा असतो, कारण पहाटे परसात जाताना लाइट नसते. कुणाला परदेशातल्या नातवंडांचं तोंड बघायचं असतं, आणि तिथे बटणाचा फोन कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

फोन कुठे ठेवला जाणार तेही बघा. सदऱ्याच्या खिशात, कमरेच्या पिशवीत, उशाशी की टीव्हीशेजारी? नऊवारी नेसणाऱ्या बाईला खिसा नसतो. तिला गळ्यात अडकवायची दोरी लागते, म्हणजे फोनला दोरी ओवायचं भोक हवं. ते आजकाल सगळ्या फोनांना नसतं.

डोळे, कान, बोटं

दुकानात जाण्याआधी घरातलाच एखादा फोन त्यांच्या हातात द्या, एक नंबर लावायला सांगा आणि गप्प बसून बघा. मदत करू नका. कुठे अडतं ते पाच मिनिटांत दिसतं.

डोळ्यांच्या बाबतीत आपण अक्षराच्या आकारामागे लागतो. मोतीबिंदू असेल किंवा नजर मंदावली असेल तर अक्षर आणि त्यामागचा रंग यांतला फरक तितकाच महत्त्वाचा असतो. निळ्या फुलाफुलांच्या वॉलपेपरवर पांढरी अक्षरं कितीही मोठी केली तरी पुसट दिसतात. साध्या पांढऱ्यावर काळी किंवा काळ्यावर पिवळी अक्षरं चांगली. बटणांवरचे आकडेही तसेच तपासा. करड्या बटणावर चंदेरी आकडे छापलेले फोन दिसायला देखणे असतात आणि वापरायला त्रासदायक.

कानाचा मुद्दा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतो. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीतले, किणकिणते आवाज जातात. खालच्या पट्टीतले बराच काळ टिकतात. त्यामुळे चिवचिवाटासारखी रिंगटोन शेजारच्या खोलीतून आपल्याला ऐकू येते आणि उशाशी फोन असलेल्या आजीला येत नाही. बोलण्यातही स, श, फ, थ यांसारखे हवेचे वर्ण आधी हरवतात. ‘आवाज येतोय रे, पण काय म्हणतोस ते कळत नाही’ या तक्रारीमागे हेच असतं. म्हणून नुसता मोठा आवाज पुरत नाही. पूर्ण मोठा केल्यावर जो स्पीकर फाटतो, तो हळू आवाजाच्या पण स्वच्छ स्पीकरपेक्षा वाईट.

कानाचं मशीन लावणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कानामागे बसणाऱ्या मशीनचा माइक वरच्या बाजूला असतो. फोन कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर, मशीनजवळ धरायचा असतो. हे कुणी सांगत नाही आणि मग ‘या फोनवर ऐकू येत नाही’ म्हणून फोन बदलले जातात. मशीनमध्ये टेलिकॉइल (फोनमधलं चुंबकीय क्षेत्र पकडून आवाज देणारी तारेची गुंडाळी) असेल तर त्याच्याशी जुळणारा फोन लागतो आणि खोक्यावर त्याचा दर्जा टी३ किंवा टी४ असा लिहिलेला असतो. आपल्याकडच्या स्वस्त कीपॅड फोनांवर तो सहसा सापडत नाही. नवी मशीनं ब्लूटूथने स्मार्टफोनला जोडता येतात. अशा वेळी गुंतागुंतीचा वाटणारा स्मार्टफोनच त्या माणसाला सोपा पडू शकतो. मशीन ज्यांनी बसवलं त्या ऑडिओलॉजिस्टना आधी विचारा.

बोटांचं म्हणाल तर, म्हातारपणी कातडी कोरडी होते आणि टचस्क्रीनला कोरडं बोट नीट कळत नाही. मग माणूस जोरात दाबतो, जास्त वेळ दाबून धरतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. हात कापत असेल तर एका टॅपचे दोन होतात. बटणाच्या फोनमध्ये हा त्रास नाही, पण तिथेही बटणं एकमेकांना चिकटलेली, सपाट असली तर संधिवाताच्या बोटाखाली दोन एकदम दाबली जातात. उंचवटा असलेली, मध्ये फट असलेली आणि दाबल्यावर ‘टक’ जाणवणारी बटणं शोधा.

बटणाचा की टचस्क्रीनचा?

माझं मत सांगतो. ज्यांनी आजवर टचस्क्रीन वापरला नाही आणि ज्यांना तो शिकायची हौसही नाही, त्यांना बटणाचाच द्यावा. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून स्मार्टफोन लादू नये. उलट ज्यांची सगळी उत्सुकता व्हिडिओ कॉलची आहे, त्यांना ‘झेपणार नाही’ म्हणून बटणाचा फोन देणंही बरोबर नाही. दोन्ही हवं असेल तर मला सर्वांत पटणारी सोय अशी: बोलायला बटणाचा फोन कायम जवळ, आणि घरात वाय-फाय असेल तर व्हिडिओ कॉलसाठी एखादा जुना टॅब टीव्हीशेजारी स्टँडवर, चार्जरला लावलेला. टॅब बिघडला तरी बोलणं बंद पडत नाही.

‘कीपॅड फोनमध्ये व्हॉट्सअॅप चालतं’ असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. काइओएस या प्रणालीवरच्या बटणांच्या फोनांत ते चालायचं, पण जून २०२४ पासून व्हॉट्सअॅपने तिथे नव्याने देणं बंद केलं. जुन्या खोक्यावर चिन्ह छापलेलं असेल, त्याचा उपयोग नाही.

हयातीच्या दाखल्यासाठी स्मार्टफोन लागेल, हा आणखी एक गैरसमज. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन दाखल्याचं चेहऱ्यावरून होणारं प्रमाणीकरण मुलाच्या किंवा नातवाच्या फोनवरूनही होतं. पेन्शनरकडे स्वतःचा स्मार्टफोन असावाच लागत नाही.

आणि विसराळूपणा वाढू लागला असेल, तर फोन बदलूच नका. जो फोन हाताला सवयीचा आहे तोच, तसाच आणखी एक मिळाला तर राखीव म्हणून घेऊन ठेवा. अशा माणसाला नवी बटणं नव्याने शिकावी लागली की जे येत होतं तेही जातं.

सिमचं गणित

पैसे वाया जाण्याचं मुख्य ठिकाण हे. बाजारात बटणांचे फोन दोन जातींचे आहेत, जुन्या नेटवर्कचे टूजी आणि नव्याचे फोरजी, आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. जिओचं नेटवर्क सुरुवातीपासून फोरजीचं आहे. त्यांच्याकडे टूजी नाहीच. त्यामुळे जिओचं सिम टूजी फोनमध्ये टाकलं तर रेंज कधीच येणार नाही. एअरटेल आणि व्हीआयचं टूजी अजून चालू आहे, म्हणून त्यांची सिमं साध्या फोनात चालतात.

उदाहरण घ्या. मे २०२३ मध्ये नोकियाचे दोन फोन एकत्र बाजारात आले: १०५ हा १,२९९ रुपयांना आणि १०६ फोरजी हा २,१९९ रुपयांना. पहिला टूजी, दुसरा फोरजी. जिओवाल्या माणसाला नऊशे रुपये वाचवून पहिला दिला तर तो नुसता रेडिओ आणि टॉर्च म्हणून राहतो. खोक्यावर ‘फोरजी’ आणि ‘व्होल्टी’ हे दोन्ही शब्द आहेत का ते बघा. व्होल्टी म्हणजे फोरजीवरूनच आवाजाचा कॉल. फोन बरीच वर्षं वापरायचा असेल तर कंपनी कुठलीही असो, मी फोरजीच घ्या म्हणतो. टूजी आज आहे म्हणून पाच वर्षांनी असेलच असं नाही.

जिओभारत हा जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांपासून सुरू झालेला फोन स्वस्त आहे, फोरजी आहे आणि त्याला २८ दिवसांचा १२३ रुपयांचा वेगळा रिचार्ज मिळाला होता. पण त्यात जिओशिवाय दुसरं सिम चालत नाही. गावात जिओची रेंज चांगली असेल तर हरकत नाही. उद्या टॉवरचा त्रास सुरू झाला तर सिमबरोबर फोनही बदलावा लागेल, एवढं लक्षात ठेवून घ्या.

रेंज कुठे बघायची? अंगणात उभं राहून नाही. जिथे ते झोपतात तिथे, माजघरात, स्वयंपाकघरात. जाड दगडी भिंतींची घरं आणि कोकणातले, घाटाखालचे खोलगट भाग इथे दारात चार काड्या आणि आत शून्य असा प्रकार नेहमीचा. घरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन त्या जागी बसून एकेक कॉल लावून बघा.

नंबर शक्यतो बदलू नका. तो आधारला, बँकेला, गॅसला, पेन्शनला जोडलेला असतो. कंपनी बदलायची असेल तर पोर्ट करा: इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, मोकळी जागा सोडून आपला मोबाइल नंबर टाकायचा आणि तो एसएमएस १९०० ला पाठवायचा. येणारा कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. तेवढ्यासाठी ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांना स्वतः जावं लागतं. म्हणून आत्ताच तपासा, आईचं सिम खरंच आईच्या नावावर आहे की पंधरा वर्षांपूर्वी भाच्याच्या कागदपत्रांवर घेतलेलं आहे.

सिमच्या आकाराची एक बारीक कटकट. स्मार्टफोनमधलं सिम नॅनो असतं, बऱ्याच कीपॅड फोनांचा खाचा मोठ्या सिमचा असतो. मध्ये प्लॅस्टिकची चौकट लागते. चौकट नसताना नॅनो सिम नुसतं आत सरकवलं तर ते अडकतं आणि काढताना खाच्याच्या पिना वाकतात. दुकानातून नवं सिम बदलून घेतलं तर त्यानंतर २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टाळायला केलेला नियम आहे. ज्या दिवशी बँकेचा ओटीपी लागणार आहे त्या दिवशी हे काम काढू नका.

रिचार्जचं सांगायचं तर, बटणाच्या फोनला रोजच्या दीड-दोन जीबी डेटाचे पैसे भरण्यात अर्थ नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. २०२५ च्या सुरुवातीला असे प्लॅन आले. एअरटेलचा वर्षभराचा १,८४९ रुपयांना होता. दुकानदार हे प्लॅन आपणहून क्वचितच सांगतात, ‘फक्त बोलण्याचा, विनाडेटा’ असं स्पष्ट मागा. भाव बदलत राहतात, तेव्हा त्या दिवशीचा बघून घ्या. वर्षाचा एकदम भरला की दर महिन्याला ‘फोन बंद पडला’ची धावपळ संपते. मुदत संपायच्या आठवडाभर आधीची आठवण मात्र आपल्या फोनमध्ये लावा, त्यांच्या नाही.

दुकानात

फोन वापरणाऱ्याला बरोबर न्या. जमणारच नसेल तर परत घेण्याची बोली करून घ्या. डमी पीस हातात घेऊन काही कळत नाही. चालू फोन मागा, आपलं सिम घाला आणि खरा कॉल लावा. एकाने दुकानाबाहेर जाऊन फोन करावा, दुसऱ्याने रस्त्याच्या गोंगाटात ऐकावं. मग हे तपासा:

- आवाज सर्वांत मोठा करून तो फाटतो का.
- मेनू मराठीत होतो का आणि मराठी मेसेज नीट जोडाक्षरांसह वाचता येतो का. मेसेज वाचता येणं आणि मेनू मराठीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- आकडे बोलून दाखवणारी सोय असेल तर ती कुठल्या भाषेत बोलते. बहुतेक वेळा हिंदी किंवा इंग्रजी निघते.
- चार्जिंगची पिन डोळे मिटून घालता येते का. जुनी मायक्रो पिन एकाच बाजूने जाते आणि उलटी रेटली की तुटते. टाइप-सी कोणत्याही बाजूने जाते. शक्य असेल तर फोन नुसता ठेवला की चार्ज होणारा स्टँड असलेला घ्या.
- टॉर्चला वेगळं बटण आहे की मेनूत जावं लागतं.
- बॅटरी काढता येते का आणि ती तालुक्याच्या गावात मिळते का. नोकियाच्या बीएल-५सी जातीची बॅटरी कुठल्याही टपरीवर मिळते, हा तिचा मोठा गुण.

रेडिओबद्दल थोडं. मोबाइलवर फक्त एफएम लागतं. मध्यम लहरींवरची आकाशवाणी केंद्रं त्यात येत नाहीत. आजोबा वर्षानुवर्षं ट्रान्झिस्टरवर जे केंद्र ऐकत आलेत ते त्यांच्या गावात एफएमवर आहे का हे आधी बघा, नाहीतर ‘रेडिओ बिघडलेला दिलाय’ हे ठरलेलं. बऱ्याच फोनांत इअरफोनची वायर लावल्याशिवाय रेडिओ लागत नाही. खोक्यावर ‘वायरलेस एफएम’ असेल तर वायर लागत नाही.

मॉडेलांचं नाव घ्यायचंच तर: नोकिया आणि एचएमडी, लावा, आयटेल यांचे फोरजी कीपॅड फोन बहुतेकांना पुरतात. घडीचा फोन आवडणाऱ्यांसाठी नोकिया २६६० फ्लिप आहे, २०२२ मध्ये तो ४,६९९ रुपयांना आला. झाकण उघडलं की उचलला, मिटलं की बंद, हे काही जणांना फार पटतं. चुकून बटण दाबलं जाण्याचा प्रश्नही त्यात नाही. पण बोटांना संधिवात असेल तर झाकण उघडून बघायला लावा. इझीफोन हा खास ज्येष्ठांसाठीच्या फोनांचा भारतीय ब्रँड आहे. त्यांच्या फोनांत एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण आणि चार्जिंगचा स्टँड मिळतो, किंमत मात्र साध्या कीपॅड फोनाच्या कितीतरी पुढे जाते. एकटं राहणाऱ्या माणसासाठी ती किंमत मला मान्य आहे. भरल्या घरात राहणाऱ्यासाठी नाही.

घरी बसून लावून देणं

इथे दोन तास द्या. फोन चालणार की कपाटात जाणार ते इथेच ठरतं.

नावांपासून सुरुवात करा. नंबर मराठीत आणि त्यांच्या तोंडातल्या नावाने साठवा. ‘प्रशांत’ असं नाव असेल आणि त्या त्याला जन्मभर ‘बंडू’ म्हणत असतील, तर फोनमध्ये बंडूच हवा. ‘धाकटी सूनबाई’, ‘दूधवाला’, ‘खालचे जोशी’ असं लिहिलं तरी चालतं. नावं सिमवर न ठेवता फोनच्या मेमरीत ठेवा. सिमवर नावाला जागा मोजकी असते आणि देवनागरी अक्षरं जास्त जागा घेतात, मग ‘धाकटी सू’ एवढंच उरतं. पंधरा-वीस नावं पुरे. जुन्या फोनमधली दोनशे नावं ओतलीत तर हवं ते सापडायचं नाही.

स्पीड डायल (एकच बटण दाबून धरलं की ठरलेला नंबर लागणं) लावताना एक अडचण येते. २०१६ च्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनांत ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की ११२ या आपत्कालीन नंबरला कॉल जायला हवा. तुमच्या फोनात दोन्हींपैकी कुठलं ते माहितीपुस्तिकेत बघा आणि त्या आकड्यावर घरचा नंबर लावू नका. १ बऱ्याचदा व्हॉइसमेलसाठी अडलेला असतो. म्हणून २, ३ आणि ४ वर तिघांचे नंबर लावा. तीनच. त्या बटणांवर जाणवणारे छोटे रंगीत ठिपके चिकटवले तर अंधारातही सापडतात. ११२ चं बटण चुकून दाबलं गेलं तर घाबरून कट करू नका, ‘चुकून लागला’ एवढं सांगा, हेही त्यांना शिकवा. कट केलेल्या कॉलवर तिकडून उलटा फोन येऊ शकतो आणि मग घरात गोंधळ उडतो.

वेगळं एसओएस बटण असेल तर ते खरोखर दाबून बघा. पहिल्याने उचलला नाही तर कॉल पुढच्या नंबरवर जातो का? मेसेज जातो का? मेसेज जायला एसएमएसचा प्लॅन लागतो, तो संपलेला असेल तर बटण अर्धवटच काम करतं. यादीत पहिलं नाव पुण्या-मुंबईतल्या मुलाचं न ठेवता दहा मिनिटांत दारात येऊ शकणाऱ्या शेजाऱ्याचं ठेवा. त्यांना विचारून.

रिंगटोन जुन्या लँडलाइनच्या घंटीसारखी, जाड आवाजाची निवडा आणि शेजारच्या खोलीत ठेवून वाजवून बघा. कंपन चालू ठेवा. बटण दाबल्यावरचा आवाज (की-टोन) त्यांना विचारून ठेवा किंवा बंद करा. कीपॅड आपोआप लॉक होणं चालू हवं, पण उघडायला दोन बटणं एका पाठोपाठ लागतात, तेवढं आधी जमतं का बघा. नसेल जमत तर लॉक काढा आणि फोनला कव्हर घाला. मेनूतले खेळ, इंटरनेट, कंपनीची दुकानं लपवता येत असतील तर लपवा. बाण चुकून दाबला की इंटरनेट उघडणारे फोन असतात, त्या बाणावर दुसरं काहीतरी लावून टाका.

मेसेजची पेटी भरते, हे कुणाच्या ध्यानात नसतं. साध्या फोनांत ठरावीकच मेसेज मावतात. जाहिरातींनी ती भरली की बँकेचा ओटीपी येतच नाही आणि माणूस बँकेत चकरा मारतो. महिन्यातून एकदा, भेटायला जाल तेव्हा, पेटी रिकामी करा. १९०९ वर त्याच नंबरवरून फोन करून डीएनडी लावून घ्या, त्याने नोंदणीकृत जाहिराती थांबतात. बँकेचे मेसेज येत राहतात. भामट्यांचे फोनही येत राहतात, ते डीएनडीला जुमानत नाहीत.

शेवटी एक पुठ्ठा: मोठ्या अक्षरांत त्यांचा स्वतःचा नंबर, तिघांचे नंबर आणि कुठल्या बटणावर कोण. फोनच्या मागेही घरचा एक नंबर चिकटवा. एसटीत राहिलेला फोन त्यामुळे परत येऊ शकतो.

स्मार्टफोनच द्यायचा असेल तर

सॅमसंगमध्ये ‘इझी मोड’ आहे आणि बऱ्याच दुसऱ्या कंपन्यांत ‘सिंपल मोड’ किंवा ‘लाइट मोड’ नावाने तीच सोय असते. चिन्हं मोठी होतात, पसारा कमी होतो. आयफोनमध्ये २०२३ च्या आयओएस १७ पासून ‘असिस्टिव्ह अॅक्सेस’ आहे. त्यापलीकडे सुलभतेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘स्पर्श करून धरण्याचा वेळ’ लांब करा. सावकाश दाबणाऱ्या बोटांचा निम्मा त्रास त्या एका गोष्टीने जातो. पहिल्या पानावर चारच चिन्हं ठेवा, त्यात मुलांच्या फोटोंचे थेट कॉलचे शॉर्टकट. व्हॉट्सअॅपवर टाइप करायला लावू नका, माइक दाबून बोलायला शिकवा. मिळालेल्या फाइली आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांनी फोन दोन महिन्यांत भरतो.

पैशांचे व्यवहार

बटणाच्या फोनवरूनही यूपीआय करता येतं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यात एका नंबरवर फोन करून आवाजाच्या सूचनांप्रमाणे पैसे पाठवता येतात. सोय चांगली आहे, पण मागितल्याशिवाय लावून देऊ नका. लावायचंच तर मोजके पैसे ठेवलेल्या वेगळ्या खात्याला लावा, पेन्शनच्या खात्याला नाही.

फसवणुकीबद्दल लांब व्याख्यान न देता दोनच गोष्टी पाठ करून घ्या: ‘मुलाला विचारून सांगते’ म्हणणं आणि फोन ठेवणं. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही अटक कायद्यात नाही. पोलिस फोनवर कोंडून ठेवत नाहीत, हे मात्र नीट समजावून सांगा, कारण त्या फोनांत माणसाला घाबरवून कुणाला काही न सांगण्याची शपथ घातली जाते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं. हा नंबर पुठ्ठ्यावर लिहा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तीही लिहा.

शिकवताना

पहिल्या दिवशी फक्त उचलणं आणि ठेवणं. दुसऱ्या दिवशी २ दाबून धरणं. मिस्ड कॉल बघणं चार दिवसांनी. फोन त्यांच्या हातातच राहू द्या. आपण ‘दे इकडे, मी करून दाखवतो’ म्हणून पटापट दाबतो आणि त्यांना काहीच दिसलेलं नसतं. शिकवायला नातवंडं उत्तम असतात, कारण त्यांना दहाव्यांदा सांगताना कंटाळा येत नाही आणि आजीलाही त्यांच्यापुढे चुकायला लाज वाटत नाही. चार्जिंग रोज एका ठरलेल्या कामाशी बांधा. देवापाशी दिवा लावला की फोन चार्जरला, असं.

मुंबई किंवा पुण्याहून रोज एकाच वेळी फोन करत असाल तर पहिला महिना तो कधी चुकवू नका, म्हणजे फोन जवळ ठेवायची सवय लागते.

खोकं, बिल आणि वॉरंटीचा कागद सांभाळून ठेवा. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक तुमच्या वहीत लिहून घ्या, दोन सिमांच्या फोनात तो दोनदा दिसतो. फोन हरवला तर पोलिस तक्रार आणि हा क्रमांक घेऊन केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून फोन बंद करता येतो, आणि त्याच नंबरचं नवं सिम घेऊन जुन्याच जातीचा फोन पुन्हा विकत आणता येतो. जुना फोन चालू असेल तर टाकू नका. महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवा.